न्यू ऑर्लिन्सला पहिल्यांदा जाताय? आधी कॅलेंडर उघडा

ह्यूस्टनला राहायला आल्यापासून आमच्याकडे कुणी पाहुणा आला की दोन-तीन दिवसांत विचारतोच, "ते जॅझवालं गाव इथून किती लांब?" साधारण साडेपाचशे किलोमीटर. सकाळी सातला निघालं आणि वाटेत एकदाच चहाला थांबलं, तर एकच्या सुमाराला मिसिसिपीचा काठ. इतकं सोपं आहे म्हणूनच लोक काही न ठरवता निघतात, रात्री बारांनी गजबजलेल्या बर्बन स्ट्रीटवर दोन तास धक्के खातात आणि "ठीक आहे, एकदा बघायला हरकत नाही" म्हणत परत येतात. पहिल्यांदा मीही हेच केलं. त्यानंतर चारदा जाऊन आले: एकदा मैत्रिणींबरोबर, एकदा आई-बाबांना घेऊन, एकदा ऐन कार्निव्हलमध्ये आणि एकदा फक्त कानांसाठी. त्या फेऱ्यांतून जे हाती लागलं ते क्रमाने सांगते.

पायरी १: कार्निव्हल की जॅझ, एक काय ते ठरवा

दोन्हींसाठी हे शहर प्रसिद्ध आहे, त्यामुळे एकाच फेरीत दोन्ही उरकू असं मनात येतं. तसं करू नका. कार्निव्हलच्या शेवटच्या आठवड्यात रस्ते बंद, हॉटेलं महाग आणि क्लबांबाहेर रांगा. परेडमध्ये संगीत भरपूर असतं, पण ते शाळा-कॉलेजांच्या मार्चिंग बँडचं. छान असतं, अंगावर काटा येतो, पण बाकावर बसून ऐकायचा जुना जॅझ तो नव्हे.

कार्निव्हलचा हंगाम दरवर्षी ६ जानेवारीला सुरू होतो आणि मार्डी ग्रा या दिवशी संपतो. मार्डी ग्रा म्हणजे फ्रेंचमध्ये 'चरबीयुक्त मंगळवार'. दुसऱ्या दिवसापासून ईस्टरपर्यंतचा उपासाचा काळ, म्हणून आदल्या दिवशी खाऊन-पिऊन घ्यायचं. आपल्याकडे श्रावणाआधी गटारी असते, तोच हिशेब. ईस्टरच्या बरोबर ४७ दिवस आधी हा मंगळवार येतो, त्यामुळे तारीख ३ फेब्रुवारी ते ९ मार्च यांच्यामध्ये सरकत राहते. २०२७ साली ती ९ फेब्रुवारीला आहे, २०२८ साली चक्क २९ फेब्रुवारीला. गोव्याचा कार्निव्हलही याच गणिताने येतो आणि त्याच मंगळवारी संपतो, म्हणजे एका वर्षात दोन्हीकडे हजेरी लावणं जमायचं नाही.

मोठ्या परेड शेवटच्या दोन शनिवार-रविवारांच्या आसपास दाटलेल्या असतात. गर्दीची धास्ती असेल तर त्यातला पहिला शनिवार-रविवार धरा. परेड तितक्याच देखण्या, माणसं कमी.

जॅझसाठी जायचं तर एप्रिल उत्तम. फ्रेंच क्वार्टर फेस्टिव्हल याच महिन्यात असतो आणि तो फुकट आहे. पुढे एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला जॅझ अँड हेरिटेज फेस्टिव्हल येतो. १९७० साली काँगो स्क्वेअरमध्ये सुरू झालेला हा महोत्सव आता रेसकोर्सवर भरतो आणि त्याचं तिकीट चांगलंच असतं. खरं सांगायचं तर महोत्सव नसलेला ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला एखादा साधा आठवडा मला सगळ्यात आवडला. जुलै-ऑगस्टमध्ये हॉटेलं स्वस्त मिळतात, पण ती का स्वस्त ते विमानतळाबाहेर पाऊल टाकताच कळतं. मुंबईचा मे महिना परवडला. शिवाय १ जून ते ३० नोव्हेंबर हा वादळांचा काळ, तेव्हा परत करता येईल असंच बुकिंग घ्या.

पायरी २: मुक्काम

फ्रेंच क्वार्टरमध्ये, म्हणजे गावाच्या सगळ्यात जुन्या भागात, राहिलात तर सगळं चालत होतं, पण बर्बनपासून दोन-तीन गल्ल्या लांब राहा, नाहीतर पहाटे तीनपर्यंत झोप नाही. कॅनाल स्ट्रीटपलीकडचा ऑफिसांचा भाग शांत आणि सोयीचा. परेडसाठी जाताय तर सेंट चार्ल्स अव्हेन्यूवर किंवा तिच्या जवळ. कार्निव्हलमध्ये बरीच हॉटेलं चार-पाच रात्रींचं बुकिंग एकदमच मागतात, ते गृहीत धरा.

गाडी घेऊन गेलात तर ती हॉटेलात लावा आणि विसरून जा. परेडच्या मार्गावर परेडच्या दोन तास आधीपासून दोन तास नंतरपर्यंत गाडी लावता येत नाही. पाटी होती, आम्ही वाचली नाही. परत आलो तर जागा मोकळी, आणि त्या रात्री गाडी सोडवायला जे पैसे मोजले त्यात आणखी एक रात्र आरामात राहिलो असतो.

विमानाने येणाऱ्यांना जॅझवादक लुई आर्मस्ट्राँगच्या नावाच्या विमानतळावर उतरायचं आहे. तिथून गावात येणाऱ्या टॅक्सीचं भाडं ठरलेलं असतं, मीटरची घासाघीस नाही. भारतातून थेट विमान नाही.

पायरी ३: पूर्व-पश्चिम विसरा, नावं घोकून ठेवा

मिसिसिपी इथे चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून या गावाला चंद्रकोरीचं शहर म्हणतात. त्या वळणामुळे रस्ते पंख्याच्या काड्यांसारखे पसरलेत आणि उत्तर-दक्षिण या शब्दांना काही अर्थच उरलेला नाही. पत्ता विचारलात तर उत्तर येतं: नदीच्या बाजूला, तलावाच्या बाजूला, अपटाऊनकडे, डाऊनटाऊनकडे. अपटाऊन म्हणजे प्रवाहाच्या वरच्या अंगाला, डाऊनटाऊन म्हणजे खालच्या. एवढं डोक्यात बसलं की नकाशा लागत नाही.

रस्त्याच्या मधल्या दुभाजकाला इथे 'न्यूट्रल ग्राउंड' म्हणतात. कॅनाल स्ट्रीटच्या एका बाजूला जुने फ्रेंच-क्रिओल (फ्रेंच वळणाची इथली जुनी घराणी), दुसऱ्या बाजूला १८०३ नंतर आलेले अमेरिकन. दोघांचं पटत नसे, म्हणून मधली पट्टी ती तटस्थ भूमी. परेडच्या दिवशी हा शब्द लागणारच आहे.

उच्चारांचं मात्र एक निराळंच शास्त्र आहे. स्पेलिंग फ्रेंच, बोलणारे लुइझियानाचे. ज्याला तुम्ही 'शार्त्र' म्हणाल ती गल्ली 'चार्टर्स' आहे. 'बर्गंडी' म्हणताना जोर मधल्या 'गन्' वर. कॅलायोपी नाही, 'कॅलिओप'. आणि जे नाव बघून भलेभले गप्प होतात ते 'चॉपिटूलस'. देवनागरीत लिहून ठेवा, आपल्याला ही सोय आहे. गावाचं नाव 'ऑर्लीन्स' असं ताणू नका, तेवढ्यावरूनच पाहुणा ओळखू येतो.

पायरी ४: पहिली सकाळ फ्रेंच क्वार्टरमध्ये

सकाळी आठच्या आत बाहेर पडा. आदल्या रात्रीचा कचरा धुऊन काढलेला असतो, सज्जांवरच्या कुंड्यांतून पाणी ठिबकत असतं आणि गल्ल्या मोकळ्या असतात. १७१८ साली फ्रेंचांनी वसवलेलं हे गाव १७८८ आणि १७९४ च्या आगींत जवळजवळ जळून गेलं. पुन्हा बांधलं तेव्हा राज्य स्पेनचं होतं. त्यामुळे नाव 'फ्रेंच' क्वार्टर आणि आतले चौक, कमानी, जाड भिंती यांचा घाट स्पॅनिश. कोपऱ्याकोपऱ्यावर त्या-त्या रस्त्याचं स्पॅनिश काळातलं नाव सांगणाऱ्या रंगीत फरशा बसवलेल्या आहेत, त्या शोधत फिरायला मुलांना मजा येते. ओतीव लोखंडाच्या जाळ्यांचे सज्जे बघताना एक खूण लक्षात ठेवा. खाली फुटपाथवर खांब टेकलेले असतील तर ती गॅलरी, नुसताच भिंतीतून पुढे आलेला असेल तर ती बाल्कनी. स्थानिक लोक यात गल्लत करू देत नाहीत.

चालत जॅक्सन स्क्वेअरला या. समोर सेंट लुई कॅथीड्रल, त्याच्या एका हाताला काबिल्डो, दुसऱ्या हाताला प्रेस्बिटेअर. डिसेंबर १८०३ मध्ये लुइझियानाचा प्रचंड मुलूख फ्रान्सकडून अमेरिकेच्या ताब्यात दिला गेला तो काबिल्डोमध्ये. वेळ एकाच संग्रहालयासाठी असेल तर प्रेस्बिटेअर निवडा. वरच्या मजल्यावर मार्डी ग्राचे झगे, मुकुट, मुखवटे, आणि खाली २००५ च्या कॅटरिना वादळाचं दालन. त्या पुरात बुडालेला, इथल्याच गायक-पियानोवादक फॅट्स डॉमिनोचा पियानो तिथे ठेवलाय. आई त्याच्यासमोर बराच वेळ उभी होती. तिने फॅट्स डॉमिनोचं नावही ऐकलेलं नव्हतं.

स्क्वेअरपलीकडे १८६२ पासूनचं कॅफे दु माँद आहे. रांग लांब असते पण भराभर सरकते. मागवायच्या दोनच गोष्टी: बेन्ये आणि कॉफी. बेन्ये म्हणजे आंबवलेल्या पिठाचे चौकोनी तळलेले तुकडे, एका बशीत तीन, वर पिठीसाखरेचा डोंगर. कॉफीत चिकोरी असते, निम्मं गरम दूध असतं, फिल्टर कॉफी पिणाऱ्याला पहिल्या घोटात ओळख पटते. नियम एकच: घास तोंडाजवळ नेताना श्वास आत घ्यायचा नाही आणि हसायचं तर मुळीच नाही. बाबांनी नेमकं त्याच क्षणी काहीतरी विनोदी बोलायचं ठरवलं. काळा स्वेटर, समोरच्या टेबलावरच्या बाईंची पर्स आणि माझा चष्मा, सगळं पांढरं.

खाऊन झालं की मागच्या पायऱ्या चढून नदीवर जा. हो, चढून. बहुतेक गावांत आपण नदीकडे उतरतो, इथे बांधावर चढावं लागतं. नदीने शतकानुशतकं गाळ टाकून आपला काठ उंच केलाय आणि शहर तिच्यापासून लांब जाताना खाली उतरत जातं. क्वार्टर या उंच काठावर आहे म्हणूनच कॅटरिनात शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला तेव्हाही इथली बहुतेक घरं कोरडी राहिली. पाणी नदीतून आलंच नव्हतं. तलावाकडच्या कालव्यांच्या भिंती फुटल्या होत्या.

एक सावधगिरी. बर्बनच्या आसपास कुणीतरी हसतमुखाने येऊन पैज लावेल, "तुझे बूट तुला कुठे मिळाले ते मी सांगतो." उत्तर असतं, "तुझ्या पायात, बर्बन स्ट्रीटवर." मग वीस डॉलर मागतात. हसा आणि चालत राहा.

पायरी ५: जॅझ ऐकायला बसा

संध्याकाळ याच्यासाठी राखून ठेवा. सुरुवात सेंट पीटर स्ट्रीटवरच्या प्रिझर्व्हेशन हॉलने करा. १९६१ साली हा सुरू झाला. त्या वेळी रॉक अँड रोलच्या लाटेत जुने वादक घरी बसले होते, त्यांना वाजवायला जागा मिळावी हा हेतू. तिकीट आधी ऑनलाइन काढा. आत गेल्यावर वाटतं, चुकून कुणाच्या जुन्या वाड्यात शिरलो: पोपडे आलेल्या भिंती, मंद दिवे, काही बाकं, पुढे जमिनीवर उशा. दारू मिळत नाही, फोटो काढू देत नाहीत, मुलं चालतात. कार्यक्रम पाऊण तासाचा असतो आणि रात्रीत चार-पाच होतात. पुढे बसलात तर ट्रोम्बोनची नळी गुडघ्याला लागेल इतकं अंतर.

पहिल्यांदा ऐकताना सगळे एकदमच वाजवतायत असं वाटतं. वाटतं काय, वाजवतच असतात! पारंपरिक जॅझची गंमत तीच आहे. तीन वाद्यांकडे कान लावा. ट्रम्पेट किंवा कॉर्नेट मूळ चाल धरून ठेवतो. क्लॅरिनेट तिच्यावरून, भोवतीने वेलबुट्टी काढत जातो. ट्रोम्बोन खालून घसरत घसरत जोड देतो. मागे बँजो किंवा पियानो, ट्यूबा किंवा बास आणि ड्रम. आपल्याकडच्या जुगलबंदीत एक थांबतो मग दुसरा बोलतो. इथे तिघंही एकाच वेळी बोलतात आणि तरी कुणी कुणाचं वाक्य तोडत नाही. पहिलं गाणं फक्त क्लॅरिनेटच्या मागे जा, दुसरं फक्त ट्रोम्बोनच्या. तिसऱ्यापर्यंत कान आपोआप उघडतात. ट्रोम्बोनच्या त्या घसरत्या ढंगाला 'टेलगेट' म्हणतात. जाहिरातीसाठी बँड घोडागाडीवरून फिरायचा तेव्हा नळीचा धक्का कुणाला लागू नये म्हणून ट्रोम्बोनवाल्याला गाडीच्या मागच्या फळीशी बसवत.

हे सगळं याच गावात का घडलं, याची उत्तरं पुष्कळ दिली जातात. मला पटतं ते असं: गुलामगिरीतल्या आफ्रिकी लोकांना रविवारी एकत्र जमून ढोल वाजवायची आणि नाचायची मुभा अमेरिकेत फार थोड्या ठिकाणी होती, त्यातलं एक काँगो स्क्वेअर. दुसरीकडे फ्रेंच वळणाचे, नोटेशन वाचणारे मिश्रवंशीय क्रिओल वादक. १८९० च्या दशकातल्या वंशभेदी कायद्यांनी या क्रिओलांनाही 'काळे' ठरवून एका रांगेत ढकललं. वाचून वाजवणारे आणि कानाने वाजवणारे एकाच बँडमध्ये आले. ज्याला पहिला जॅझवादक मानतात त्या बडी बोल्डनचं एकही ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. जुन्या लोकांच्या आठवणी तेवढ्या उरल्यात.

हॉलमधून निघालात की चालत फ्रेंचमेन स्ट्रीट गाठा, वीसेक मिनिटं लागतात. दोन-तीन चौकांच्या पट्ट्यात डझनभर ठिकाणं. स्पॉटेड कॅट छोटं आणि घामट, स्नग हार्बर बसून शांतपणे ऐकायचं. बऱ्याच जागी प्रवेशाचे पैसे नसतात, पण प्रत्येक सत्राला माणशी एक पेय घ्यायचा रिवाज आहे (सोडा चालतो) आणि बादली फिरते तेव्हा पाच-दहा डॉलर टाकायचेच. वादकाचं घर त्या बादलीवर चालतं. बहुतेक बारमध्ये २१ च्या खाली प्रवेश नाही, मुलं बरोबर असतील तर कोपऱ्यावर उभ्या राहणाऱ्या ब्रास बँडसमोर थांबा. आमची सगळ्यात चांगली पंधरा मिनिटं तिथेच गेली.

दुसऱ्या दिवशी एस्प्लनेड अव्हेन्यूवर जुन्या टांकसाळीतलं जॅझ संग्रहालय बघा. १९०१ साली याच शहरात जन्मलेला लुई आर्मस्ट्राँग बालसुधारगृहात ज्याच्यावर शिकला असं मानतात तो कॉर्नेट तिथे आहे. त्याच्यासमोर मला आठवला आपला चिक चॉकलेट. गोव्यातल्या अल्डोन्याचा आंतोनियो झेवियर वाझ मुंबईत ट्रम्पेट वाजवायचा आणि लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे.

मध्येच पोटाचं

मांसाहारी माणसाची इथे चैन आहे. मैदा तेलात खमंग लालसर भाजून केलेला घट्ट गंबो, भाताचा जंबलाया, कुरकुरीत पावातला कोळंबीचा पो-बॉय. 'ड्रेस्ड' हवा का विचारलं तर हो म्हणा, म्हणजे कोबीसारखी पानं, टोमॅटो, लोणच्याची काकडी आणि मेयोनीज घालून देतात. ट्रेमे वस्तीतलं डूकी चेज हे १९४१ पासूनचं हॉटेल जेवणासाठी आणि इतिहासासाठीही. नागरी हक्क चळवळीतली काळी-गोरी माणसं कायदा मोडून त्याच्या वरच्या खोलीत एकत्र बसत.

शाकाहारी मंडळींनी मात्र डोळे उघडे ठेवावेत. सोमवारी जिथेतिथे राजमा-भात मिळतो. पूर्वी सोमवार कपडे धुण्याचा, म्हणून राजमा चुलीवर ठेवून बायका कामाला लागत. वाचून आपल्याला वाटतं, वा, घरचं जेवण! त्यात बहुतेक वेळा डुकराच्या मांसाचा तुकडा किंवा सॉसेज शिजवलेलं असतं. 'गंबो' हा शब्द भेंडीच्या आफ्रिकी नावावरून आलाय, पण भेंडी आहे म्हणून ताट शाकाहारी ठरत नाही. "मांस नको" एवढ्यावर थांबू नका, रस्सा कशाचा आहे तेही विचारा. आमच्या आईचा तीन दिवसांचा आधार तळलेल्या हिरव्या टोमॅटोचा पो-बॉय, बटाटे आणि बेन्ये. डब्यात थेपले होते ते वेगळे. गोड म्हणून पिकानचं प्रलीन घ्या, चिक्की आणि खव्याची वडी यांच्या मधलं काहीतरी लागतं.

पायरी ६: हिरवी ट्राम

सेंट चार्ल्स मार्गावरची स्ट्रीटकार १८३५ पासून धावते आहे आणि आजचे हिरवे डबे १९२०च्या दशकातले आहेत. लाकडी बाकं, हाताने वर करायच्या खिडक्या. भाडं सव्वा डॉलर, सुट्टे नेमके हवेत, चालक उरलेले परत देत नाही. दिवसभराचा पास ३ डॉलरचा, तो घेतलेला बरा. कॅनाल स्ट्रीटजवळ सुरुवातीलाच चढा म्हणजे खिडकी मिळते. पुढे सगळा रस्ता ओक वृक्षांच्या कमानीखालून जातो. वर बघा, फांद्यांवर मागच्या परेडच्या मण्यांच्या माळा लटकलेल्या दिसतील.

वॉशिंग्टन अव्हेन्यूला उतरून गार्डन डिस्ट्रिक्टच्या बंगल्यांमधून तासभर चाला. तिथली लाफाएत दफनभूमी २०१९ साली दुरुस्तीसाठी बंद केली, उघडी आहे का ते जाण्याआधी बघून घ्या. पुन्हा ट्राम पकडून ऑड्यूबन पार्कपर्यंत. परेडच्या दिवशी हा मार्ग तुकड्या-तुकड्यांत चालतो किंवा बंद असतो.

कॅनाल स्ट्रीटवरून लाल डबे सिटी पार्कला जातात. ते तेराशे एकरांचं आहे, कला संग्रहालयाजवळचं शिल्पउद्यान फुकट बघता येतं. दुसऱ्या महायुद्धाचं राष्ट्रीय संग्रहालयही याच शहरात आहे, कारण नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैनिक उतरवणाऱ्या हिगिन्स नौका इथे बनल्या. त्याला अख्खा दिवस लागतो. दोन दिवसांच्या फेरीत मी ते सोडून दिलं असतं.

पायरी ७: रविवार राखून ठेवा

पर्यटकांना सहसा माहीत नसतं ते हे. साधारण सप्टेंबरपासून जूनपर्यंत, कडक उन्हाळा सोडून, जवळजवळ दर रविवारी दुपारी कुठल्या तरी वस्तीत 'सेकंड लाइन' निघते. काळ्या वस्त्यांमधल्या 'सोशल एड अँड प्लेझर क्लब' या जुन्या मंडळांची ही मिरवणूक. आजारपण, मयतीचा खर्च यांसाठी वर्गणी काढून एकमेकांना सावरायला ही मंडळं निघाली. पुढे मंडळाचे सभासद आणि ब्रास बँड ही पहिली ओळ, त्यांच्यामागे नाचत येणारी सगळी जनता ही दुसरी ओळ, म्हणजे सेकंड लाइन. मार्ग आणि वेळ ९०.७ एफएमच्या डब्ल्यूडब्ल्यूओझेड या रेडिओ केंद्राच्या संकेतस्थळावर मिळते. चार तास चालते. पाणी, टोपी, रुमाल घेऊन जा. रुमाल घामासाठी आणि हवेत फिरवण्यासाठी, दोन्हीला.

गणपतीच्या मिरवणुकीत ताशाबरोबर पाय आपोआप उचलले गेले असतील, तर तिथे काय करायचं ते शिकवायला नको. पण बँड आणि सभासद यांच्यामधल्या दोरीच्या आत घुसू नका, कॅमेरा नाचणाऱ्याच्या तोंडासमोर नेऊ नका, आणि रस्त्याकडेच्या हातगाडीवरून काहीतरी विकत घ्या. आम्ही ज्या रविवारी गेलो, तेव्हा सत्तरीच्या एका बाईंनी बाबांच्या हातात आपली सजवलेली छत्री दिली आणि स्वतः चप्पल काढून नाचायला लागल्या. बाबा दोन चौक ती छत्री वर-खाली करत चालले होते.

त्याच सकाळी ट्रेमे वस्ती बघून ठेवा. आर्मस्ट्राँग पार्कमध्ये काँगो स्क्वेअर आहे, तिथे गाजावाजा काही नाही, गोलाकार फरसबंदी आणि मोठाली झाडं. थोडं पुढे बॅकस्ट्रीट कल्चरल म्युझियममध्ये 'मार्डी ग्रा इंडियन' मंडळींचे पोशाख आहेत. काळ्या वस्त्यांतले हे लोक मूळ अमेरिकी आदिवासींच्या सन्मानार्थ पिसांचे आणि मण्यांचे पोशाख वर्षभर हाताने शिवतात. जवळून बघा, एकेक मणी टाक्याने बसवलेला असतो. यांची मिरवणूक कुठल्या गल्लीतून निघेल ते आधी जाहीर होत नाही. मार्डी ग्राला आणि १९ मार्चच्या रात्री, सेंट जोसेफच्या सणाला, नशीब असेल तर दिसतात.

सेंट लुई दफनभूमी क्रमांक १ इथून जवळच. १७८९ सालची आहे आणि २०१५ पासून परवानाधारक गाइडशिवाय आत सोडत नाहीत. जमिनीवरच्या विटांच्या घरांसारख्या कबरी, एकेका कबरीत अनेक पिढ्या. वूडू या आफ्रिकी मुळांच्या पंथाची राणी मारी लावो, तिच्या कबरीपाशी गर्दी असते. मी गाइडला होमर प्लेसी कुठे आहे ते विचारलं. १८९२ साली या क्रिओल माणसाने रेल्वेच्या गोऱ्यांसाठी राखीव डब्यात मुद्दाम बसून अटक करवून घेतली होती. खटला तो हरला आणि त्या निकालाने वंशभेदाला अर्धशतकाहून जास्त काळ कायद्याचा आधार मिळाला.

पायरी ८: परेडचा दिवस

हा भाग कार्निव्हलला जाणाऱ्यांसाठी. पहिलं म्हणजे मोठे चित्ररथ फ्रेंच क्वार्टरमधून जात नाहीत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ते तिथे बंद आहेत, गल्ल्या अरुंद आणि आगीची भीती. तरीही दरवर्षी हजारो लोक बर्बनवर उभे राहून परेडची वाट बघतात. तुम्ही नेपोलियन अव्हेन्यू ते हार्मनी सर्कलपर्यंत (पूर्वीचं ली सर्कल) सेंट चार्ल्सवर कुठेही उभे राहा. तिथे घरचे लोक खुर्च्या, मुलं, डबे घेऊन बसलेले असतात.

परेड काढणाऱ्या मंडळांना 'क्रू' म्हणतात. सगळ्यात जुनी परंपरा १८५७ च्या कोमसची, रेक्स १८७२ चा. जांभळा, हिरवा, सोनेरी हे कार्निव्हलचे रंगही रेक्सकडूनच आले. म्यूझेस हा बायकांचा क्रू गुरुवारी रात्री निघतो आणि सजवलेले बूट वाटतो. शनिवारी एन्डिमियन (याचा मार्ग वेगळा, मिड-सिटीतून), रविवारी बॅकस, सोमवारी ऑर्फियस. मंगळवारी सकाळी आधी झुलू, मग रेक्स. झुलूकडून हाताने रंगवलेला नारळ मिळाला तर तुम्ही वर्षाचे मानकरी. वाटला जाणारा सगळा माल क्रूचे सभासद स्वखर्चाने घेतात आणि रथांवर कंपन्यांच्या जाहिरातींना शहराच्या कायद्यानेच बंदी आहे. एवढ्या मोठ्या उत्सवात एकही फलक नाही, हे बघून आपल्याकडच्या कमानी डोळ्यांपुढे आल्या.

रथावरच्या ओळखीच्या माणसाला आधी कळवून ठेवा, तुम्ही 'न्यूट्रल ग्राउंड'च्या बाजूला आहात की 'साइडवॉक'च्या. रथांवरून फेकल्या जाणाऱ्या मण्यांच्या माळा हव्या असतील तर हात वर, नजरेला नजर, आणि "थ्रो मी समथिंग, मिस्टर!" खाली पडलेली वस्तू हाताने उचलायला वाकू नका, बोटं चिरडतात. आधी तिच्यावर पाय ठेवा, मग सावकाश उचला. ज्याचा पाय त्याची वस्तू, हा इथला अलिखित कायदा. सगळं गोळा करायचा हव्यास नको. २०१८ च्या सुरुवातीला पालिकेने सेंट चार्ल्सवरच्या पाच चौकांतली गटारं उपसली, तेव्हा ९३ हजार पौंड, म्हणजे बेचाळीस टनांच्या आसपास, मणी निघाले होते.

शौचालयाची सोय सकाळीच बघून ठेवा. मार्गावरची चर्च आणि शाळा थोडे पैसे घेऊन मनगटाला पट्टी बांधतात आणि दिवसभर स्वच्छतागृह वापरू देतात, ते पैसे डोळे झाकून द्या. उघड्यावर गेलात तर पोलीस खरोखर धरतात. दारू रस्त्यावर प्यायला परवानगी आहे, पण प्लास्टिकच्या पेल्यातून, काच चालत नाही. फोन लागेनासे होतात, म्हणून चुकामूक झाली तर भेटायचा कोपरा आधीच ठरवा.

कुणी किंग केक, म्हणजे कार्निव्हलचा खास गोड केक, देऊ केला तर घ्या, पण सावकाश चावा. आत प्लास्टिकचं छोटं बाळ असतं. ज्याच्या तुकड्यात निघालं त्याने पुढचा केक आणायचा.

कार्निव्हलच्या काळात जाणं जमलंच नाही तर नदीकाठच्या मार्डी ग्रा वर्ल्डमध्ये हे रथ जिथे बनतात ते वखारीएवढे कारखाने वर्षभर बघता येतात.

शेवटची संध्याकाळ

कॅनाल स्ट्रीट जिथे नदीला भिडतो तिथून पलीकडच्या अल्जियर्सला फेरी जाते, माणशी २ डॉलर. सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी चढा. पाणी गढूळ आणि वेगवान, मध्ये महाकाय मालवाहू बोटी वळण घेताना दिसतात, आणि मागे कॅथीड्रलचे तीन कळस. पलीकडे बांधावरून फिरा, गावातली जुनी लाकडी घरं बघा. परतीची शेवटची फेरी किती वाजता आहे ते उतरतानाच पाटीवर वाचून घ्या. आम्ही इथेही पाटी वाचली नव्हती. पुलावरून फिरून यायला टॅक्सी करावी लागली आणि बाबांनी हॉटेलपर्यंत त्यावर एक शब्दही काढला नाही.